निळ्या कोटाला काळी बटणं

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल होतं ते. कापड रंगवायच्या त्या कारखान्यातून तोवर परदेशी गेलेलं माणूस एकच, मालकांचे मेहुणे. तेही आठवडाभर जाऊन जन्मभर पुरतील एवढ्या गोष्टी घेऊन आलेले. त्यामुळे जपानहून जेव्हा निरोप आला, की शाळेच्या गणवेशासाठी तुमचा निळा आम्हाला पसंत आहे, रंग पारखणारं माणूस घेऊन या, समोरासमोर बसून ठरवू, तेव्हा अख्खा कारखाना लग्नघर झाल्यासारखा गजबजला.

जाणार होते मालक आणि त्यांच्याबरोबर नजरबाई.

नजरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. घरी ती थोरली. थोरली सून, थोरली जाऊ. कारखान्यात मात्र वीस वर्षं शेडरूम, म्हणजे रंगाच्या छटा पारखायची खोली, तिच्या ताब्यात होती, आणि रंगवलेल्या कापडाचा तुकडा खिडकीशी धरून ती 'चालेल' म्हणाली की चालायचं, 'परत' म्हणाली की गाठोडंच्या गाठोडं परत हौदात जायचं. तिच्या 'परत'वर मालकांनीसुद्धा कधी हरकत घेतली नव्हती. म्हणून नजरबाई. जोडीला हाताखाली तिचीच धाकटी जाऊ. एका घरातून दोघी निघायच्या, एका खोलीत दिवसभर बसायच्या आणि एकाच घरी परतायच्या. सासूबाई म्हणायच्या, "या दोघींना भांडायलासुद्धा वेगळी जागा नाही, म्हणून भांडत नाहीत."

शेडरूमचा एक नियम होता. थोरलीला ज्यांनी शिकवलं त्या म्हाताऱ्या रंगाऱ्यांनी तो घालून दिला होता: मांडेल तिनं बोलायचं नाही, बोलेल तिनं मांडायचं नाही. एकीनं नमुन्याचे तुकडे खिडकीखालच्या फळीवर मांडायचे आणि तोंडाला कुलूप लावायचं. दुसरीनं बघून पहिला शब्द बोलायचा. म्हणजे कुणाच्या मनातलं कुणाच्या डोळ्यांत उतरत नाही. धाकटी मांडायची, थोरली बोलायची.

आता जपानची तयारी म्हणजे काय काय! मेहुण्यांनी आपणहून मास्तरकी पत्करली. दुपारच्या सुट्टीत ते मालकांच्या खोलीत थोरलीला उभं करायचे आणि वाकायला शिकवायचे.

"कमरेतून, नजरबाई, कमरेतून. मानेतून वाकलात तर त्यांना वाटेल काहीतरी हरवलंय आणि तुम्ही शोधताय."

"आणि किती वेळ वाकायचं?"

"समोरचा उठेपर्यंत."

"आणि तो माझी वाट बघत असला तर?"

मेहुणे विचारात पडले. "मग दोघांनी जेवणाच्या वेळेपर्यंत वाकायचं," असं मालकच शेवटी म्हणाले.

कार्ड दोन हातांनी द्यायचं, दोन हातांनी घ्यायचं, घेतलेलं लगेच खिशात कोंबायचं नाही. बूट दारात काढायचे, तेव्हा मोज्याला भोक नको. कापडाचा तुकडासुद्धा दोन हातांनी पुढे करायचा, आणि तो देताना नजर खाली, तुकड्याकडे नाही. थोरली सगळं मन लावून शिकत होती. घरी नवरा रोज संध्याकाळी तिचे नवे बूट घेऊन बसायचा आणि न घातलेल्या बुटांना पॉलिश करायचा. मुळात तो अबोल माणूस. बायको परदेशी चालली याचा आनंद त्याला बुटांवरच काढता येत होता.

आणि कोट. मेहुण्यांनी सांगितलं होतं, तिकडे ऑफिसात सगळे काळे कोट घालतात. म्हणून थोरलीनं स्वतः दुकानात जाऊन काळं कापड आणलं आणि शिंप्याकडे टाकलं. कोट घालून बघायला ती गेली तेव्हा शिंप्यानं तो खांद्यावर चढवला, मागून झटकला, आणि आरशात बघत म्हणाला, "निळ्याला निळीच बटणं लावलीयत बघा. चार दुकानं फिरलो, पण अगदी रंगाला रंग मिळाला."

थोरलीनं आरशात बघितलं. काळा कोट दिसत होता. काळी बटणं दिसत होती.

"निळा," ती म्हणाली.

"गडद आहे, पण सुंदर निळा. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही नजरबाई."

तिनं बाही उगाच झटकली. पण तोंड कसं वेळेवर धावून येतं बघा. "हो, मुद्दाम निळाच घेतला," ती म्हणाली. आणि मग, आपल्याला सगळं दिसतं हे शिंप्याला पटावं म्हणून, तो काही विचारत नसताना, ती पुढे म्हणाली, "पण बटणं काळी लावा. मला तशीच हवीत."

"निळ्यावर काळी?" शिंप्यानं कात्री खाली ठेवली. "बाई, डोळ्यात खुपतील."

"लावा म्हटलं ना."

शिंप्यानं कात्री उचलली. नजरबाईला रंगातलं सांगणारा तो कोण?

तिला हे नवीन नव्हतं. मागच्या थंडीपासून तिच्या डोळ्यांपुढचे निळे एकमेकांत मिसळू लागले होते. आधी वाटलं, खिडकीची काच मळली. तिनं काच पुसून घेतली. मग वाटलं, आभाळच भरलंय. पण आभाळ मोकळं झालं तरी गडद निळे सगळे भिजलेल्या पाटीसारखे काळेच दिसत राहिले. पिवळा, लाल ठीक होते. निळा तेवढा हातातून निसटला.

आणि एक दिवस, फळीवर तुकडे मांडलेले, तोंडाशी 'चालेल' आलेलं, तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की एक तुकडा बाकीच्यांपेक्षा बोटभर पुढे आहे. तिनं त्याच्यावर बोट ठेवलं. "हा परत." धाकटीनं मान हलवली आणि वहीकडे वळली. दुसऱ्या दिवशीही एक तुकडा बोटभर पुढे होता. तिसऱ्या दिवशीही. नियम मोडत होता तो, दोघींनाही ठाऊक होतं. दोघींपैकी एकीनंही शब्द काढला नाही. कारखान्यातून एकही चुकीचं गाठोडं बाहेर गेलं नाही. थोरली आपली 'चालेल' आणि 'परत' म्हणत राहिली, आणि रोज घरी जाताना धाकटीच्या दोन पावलं पुढे चालत राहिली.

म्हणजे धाकटीला ठाऊक होतं, आणि धाकटीला ठाऊक आहे हे थोरलीलाही ठाऊक होतं. या सगळ्यात बोलायचं तेवढं राहिलं. माणूस कशाची लाज बाळगतो याचा काही नेम नसतो. डोळे गेले याची लाज थोरलीला नव्हती, वयाबरोबर जायचेच. लाज होती ती धाकटीसमोर 'मला दिसत नाही' हे सात अक्षरी वाक्य म्हणायची. कारण धाकटीला शिकवताना ती कमी का टोचून बोलली होती? "तुझ्या डोळ्यांना काय झालं, गोवऱ्या थापल्यात का?" असंही एकदा म्हणाली होती. तेव्हा धाकटी हसली होती.

अगदी सुरुवातीला पासपोर्ट दोघींचेही काढले होते. मग जपानहून कळवलं, एकाच बाईची राहायची सोय होईल. मालकांनी विचारलं, "नजरबाई, तुम्ही जाताय, का धाकटीला पाठवायचं? तिचे पाय तरुण आहेत."

दार उघडं होतं तेव्हा. नुसतं त्यातून बाहेर पडायचं होतं. पण थोरलीच्या तोंडून आलं, "ती अजून कच्ची आहे."

धाकटी तिथंच उभी होती, हातात तुकड्यांचा गठ्ठा घेऊन.

त्यानंतर थोरलीनं मनाशी हिशेब मांडला. तिकडे रंग जुळवायला त्यांची माणसं असतील. आपण फक्त ते मागतील तो तुकडा त्यांच्या हातात द्यायचा. कारखान्याच्या निळ्याच्या सहा पायऱ्या, सगळ्या गडद छटांच्या, आणि तुलनेला सातवा काळा, एवढाच संच न्यायचा होता. तो ओळखू आला म्हणजे झालं. तिनं धाकटीला सांगितलं, "प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात दोऱ्याची गाठ मार. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. काळ्याला नको."

"गाठी कशाला, ताई?"

"तिकडे गडबडीत सरमिसळ व्हायला नको."

धाकटीनं वर पाहिलं नाही. सुईत दोरा ओवला आणि कापडाच्याच रंगाच्या बारीक गाठी घातल्या, डोळ्यांना दिसणार नाहीत पण बोटाला लागतील अशा. काम झाल्यावर तिनं तुकडे एकेक करून थोरलीच्या हातात दिले. थोरलीनं कोपरे चाचपले. दोघी बाहेर बघत होत्या.

जायच्या आठवड्यात मालकांनी रंगीत तालीम ठेवली. त्यांच्या खोलीत मोठं टेबल, टेबलाच्या पलीकडे जपानी म्हणून मेहुणे, गळ्यात टाय, चेहरा इतका गंभीर की ओळखू येऊ नये. भिंतीशी कारखान्यातली निम्मी माणसं. घडीखात्यातले काका, ज्यांना सगळे घडीकाका म्हणायचे, ते पांढऱ्या फडक्याखाली तुकड्यांचा ट्रे घेऊन आले. आदल्या दिवशी ट्रे त्यांच्याकडे ठेवला होता, नीट बांधून द्यायला.

थोरली कमरेतून वाकली. मेहुणेही वाकले. दोघं एकमेकांची वाट बघत थांबले तेव्हा मागून कुणीतरी खुसखुसलं.

"कृपया," मेहुणे जड आवाजात म्हणाले, "चौथा निळा दाखवा. ज्याला लालसर झाक आहे."

थोरलीनं फडकं दूर केलं. हात कोपऱ्यांवरून फिरवला. गाठ नव्हती. दुसऱ्याला नव्हती. तिसऱ्याला नव्हती. बोटांना लागले ते छोटे छोटे करवतीसारखे दाते.

घडीकाका हौसेनं पुढे झाले. "कडा करवती कात्रीनं कापून दिल्यात मी. सुटलेले दोरे हाताला लागत होते कोपऱ्यांत. जपान्यांना स्वच्छता लागते म्हणतात. बघा कशा झाल्यात."

"वा, काका," मालक म्हणाले.

थोरलीनं खाली बघितलं. ट्रेमध्ये एकसारखे सात तुकडे होते, सगळे काळे. मान खाली ठेवायची शिकवण तेवढी कामाला आली. तिचा चेहरा कुणाला दिसत नव्हता. तिनं डावीकडून चौथा तुकडा उचलला, दोन्ही हातांत धरला, वाकली आणि पुढे केला.

मेहुण्यांनी तो घेतला. त्यांचा गंभीर चेहरा हळूहळू मेहुण्यांचा झाला. "नजरबाई, हा तर काळा आहे."

मालक टेबलापर्यंत आले. तुकडा त्यांनी हातात घेतला, खिडकीकडे धरला. "काळाच आहे," ते म्हणाले. आणि मग त्यांनी थोरलीकडे बघितलं. राग नव्हता त्यात, नुसतं न समजणं होतं. वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं आणि त्यांना त्याला नाव देता येत नव्हतं.

"चूक माझी आहे," धाकटी भिंतीपासून म्हणाली. "काकांनी दिलेले तुकडे सकाळी मी पुन्हा मांडले. ते उलटसुलट मांडले गेले. ताईंनी जागेवरून उचलला, नजर खाली ठेवायची म्हणून."

घडीकाकांनी तोंड उघडलं. ट्रे त्यांनी कुणाच्या हातात दिलाच नव्हता. धाकटीनं त्यांच्याकडे असं काही बघितलं की ते तोंड तसंच मिटलं.

मालकांना नाव सापडलं. ते धाकटीकडे वळले आणि आयुष्यात कुणाला बोलले नव्हते ते तिला बोलले. काळा आणि निळा कळत नसेल तर शेडरूममध्ये बसून करतेस काय, उद्या जपानात हे झालं असतं तर कारखान्याच्या तोंडाला कुणी काळं फासायची गरज राहिली नसती, आपणच पाठवलं असतं बांधून. ती मान खाली घालून ऐकत होती. "उद्यापासून घडीखात्यात बस," मालक म्हणाले. "नजरबाई परत येईपर्यंत शेडरूमला कुलूप."

मग सगळे थोरलीकडे बघू लागले. तिनं काहीतरी बोलावं असं सगळ्यांना वाटत होतं. आणि ती बोलली.

"मी तिला सांगितलं होतं," ती म्हणाली, "नीट बघून मांड म्हणून."

हे वाक्य कुठून आलं ते तिला नंतरही कधी कळलं नाही. ते आलं, खोलीत सगळ्यांनी ऐकलं, आणि धाकटीनंही ऐकलं.

त्या दिवशी घरी येताना धाकटी तिच्या मागे नव्हती. ती आधीच निघून गेली होती. बातमी घरी पोचली होती. दीर घड्याळं दुरुस्त करायचा, तो भिंगातून डोकं वर न काढता बायकोला म्हणाला, "सगळ्या जगाला काळं काळं दिसतं, हिला निळं दिसलं. कमाल आहे."

"थोरलीचं एवढं मोठं काम," सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस तरी धड करायचं होतंस गं."

धाकटी इस्त्री करत होती. थोरलीचा कोट होता तो, शिंप्याकडून आलेला. तिनं कॉलर दाबली, बाही दाबली, बटणांच्या भोवतीनं इस्त्रीचं टोक सांभाळून फिरवलं. त्या बटणांवर तिची नजर पडली असणार. तिची नजर कशावर पडत नव्हती? तिनं कोट खुर्चीवर टाकला आणि म्हणाली, "ताई, आतल्या खिशात रुमाल ठेवलाय. पांढरा आहे."

कुणी थोबाडीत मारली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. ती जेवायला बसली आणि भात नुसता कालवत राहिली. नवऱ्यानं विचारलं, "विमानाची भीती वाटते का?" आणि बुडत्याला काडी मिळावी तसं तिला ते वाक्य मिळालं.

सकाळी ती कारखान्यात आल्या आल्या मालकांच्या खोलीत गेली. उभ्या उभ्याच म्हणाली, "मला जायचं नाही. विमानाची भीती वाटते."

मालक हसले. "मलाही वाटते. मेहुणे तर गेल्या खेपेला वर जाईपर्यंत डोळे मिटून होते, आणि वर गेल्यावर दोघांचं जेवले."

"खरंच जमणार नाही मला. धाकटीला न्या."

मालकांचं हसू गेलं. "तिला? जिला काळा-निळा कळत नाही? नजरबाई, तुमची जाऊ आहे म्हणून मी तिला कामावरून काढली नाही. तुम्ही येत नसाल तर मी तिकडे नाही म्हणून कळवतो. ते काम दुसरा कुणीतरी करील."

खोटं किती सोयीचं असतं, आणि किती लवकर संपतं. थोरलीला वाटलं होतं, भीतीच्या नावाखाली ती स्वतः हळूच बाजूला होईल, धाकटी जाईल, आणि दोघींचं फिटेल. पण कालच्या त्या एका वाक्यानं ती वाट कालच बुजवली होती. आता ती गप्प राहिली तर काम जाणार होतं, आणि 'काळा-निळा न कळणारी' हा शिक्का धाकटीच्या कपाळावर जन्मभर राहणार होता.

"तिला कळतो," थोरली म्हणाली. "मला कळत नाही."

"म्हणजे?"

"मला निळा दिसत नाही. मागच्या थंडीपासून."

मालकांनी अंगातला कोट काढला आणि तिच्यापुढे धरला. "हा कोणता?"

तिनं बघितलं. खोटं बोलायचं नव्हतं, आणि अंदाजही बांधायचा नव्हता. "काळा," ती म्हणाली.

मालकांनी कोट पाठीमागच्या खुंटीला अडकवला. तो कोणत्या रंगाचा होता ते त्यांनी सांगितलं नाही.

"मग वर्षभर एवढा माल गेला तो?"

"तिनं पाठवला. मी नुसतं तोंड हलवलं."

"आणि काल?"

"काल तिनं ट्रेला हातसुद्धा लावला नव्हता."

मालक खुर्चीत बसले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मी तिला सगळ्यांसमोर बोललो, नजरबाई."

"मीही," ती म्हणाली. "म्हणून आता सगळ्यांसमोरच सांगते."

घडीखातं म्हणजे लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना टेबलं, टेबलांवर कापडाचे थर. धाकटी घडीकाकांच्या शेजारी उभी राहून पट्टीनं कापड मोजून दुमडत होती. नजरबाई दारात दिसल्यावर लोकांचे हात थांबले. थोरलीनं वाटेत काय काय जुळवलं होतं. ते सगळं दारातच गळून पडलं. ती म्हणाली, "काल तुकडा मी चुकीचा दिला. हिनं मांडले नव्हते. मला निळा दिसत नाही, वर्ष झालं. काम ही करत होती. आणि मी काल जे बोलले ते खोटं होतं."

घडीकाकांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे त्या कोपऱ्यांतले दोरे..."

"गाठी होत्या, काका."

"अरे देवा. आणि मी शहाणा, करवती कात्री घेऊन बसलो."

दोघीतिघी हसल्या. धाकटी हसली नाही. तिनं हातातली घडी पूर्ण केली, थरावर ठेवली, आणि थोरलीजवळ आली. थोरलीला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या ताई. तेच ऐकायची आस लागली होती तिला.

"तुकडा पुढे सरकवायची तेव्हा दर वेळी वाटायचं," धाकटी हळू आवाजात म्हणाली, "आज ताई काहीतरी म्हणतील. रागावल्या असत्या तरी चाललं असतं. वर्षभर वाट बघितली मी."

"माझं चुकलं."

"हो," धाकटी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पट्टी उचलून पुन्हा कामाला लागली.

जाणं महिनाभर पुढे ढकललं. मालकांनी धाकटीची माफी मागितली, तीही घडीखात्यात येऊन. घरी थोरलीनं जेवताना सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंनी ताटावरून मान वर केली नाही. दीर मात्र उठून बायकोपुढे गेला आणि म्हणाला, "मी काल जे काय म्हणालो..." ती म्हणाली, "घड्याळं दुरुस्त करा तुम्ही." पण दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी एक जुनं मनगटी घड्याळ चालू करून घेऊन आला. नवऱ्यानं थोरलीचे चकचकीत बूट हातात घेऊन विचारलं, "मग हे?" धाकटीच्या पायाला ते मोठे होत होते. पुढे कापूस भरून तिनं तेच घातले. कोटही शिंप्यानं तिच्या मापाचा करून दिला.

आणि महिनाभर शेडरूममध्ये उलटं चाललं. थोरली मांडायची, धाकटी बोलायची. थोरलीला निळ्यातला निळा कळत नव्हता, त्यामुळे ती हाताला येईल तसे मांडायची, आणि तिच्या चेहऱ्यावरून कुणालाही काही ओळखता आलं नसतं. म्हाताऱ्या रंगाऱ्यांना हवी होती तशी मांडणारी त्या खोलीला आता कुठे मिळाली. पूर्वी जिथं थोरली ताठ उभी राहायची तिथं धाकटी उभी राहायची, आणि "चौथा," "दुसरा," "हा काळा," म्हणत जायची. दर वेळी बरोबर असायची. थोरली मान हलवायची. ती लाज तिनं महिनाभर रोज गिळली, औषधासारखी, आणि टाळली नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणता येईल.

विमानतळावर सगळे सोडायला गेले होते. धाकटी सासूबाईंच्या पाया पडली, मग थोरलीसमोर आली. थोरलीला वाटलं, ही आता वाकेल. धाकटी वाकली, पण मेहुण्यांनी शिकवलं तशी, कमरेतून. आणि थोरली उठायची वाट बघत वाकून राहिली. थोरलीही वाकली होती. कोण आधी उठलं ते दोघींनाही आठवलं नाही.

जपानचं काम मिळालं. धाकटी त्यानंतर चार-पाच वेळा तिकडे जाऊन आली, आणि शेडरूमची मुख्य झाली. लोक तिला नजरबाई म्हणू लागले तेव्हा तिनं एकालाही तसं म्हणू दिलं नाही. "त्या आहेत," म्हणायची. हे मोठेपणानं म्हणायची की टोचून, कुणी ठरवू शकलं नाही. मालक म्हातारे होऊन गेले. त्यांच्या मुलांनी कारखाना विकला आणि तिथं आता गाड्या उभ्या करायची जागा आहे. मेहुणे शेवटपर्यंत सांगत राहिले की जपानचं काम त्यांच्या वाकण्यामुळे मिळालं. घडीकाका निवृत्त होताना करवती कात्री कारखान्याला ठेवून गेले. म्हणाले, घरी नेली तर नातवंडांच्या शाळेच्या वह्यांच्या कडा कापीन. सासूबाई दोन्ही सुनांच्या हातून पाणी पिऊन गेल्या. दिराचं दुकान त्याच्या मुलीनं चालवलं. थोरलीचा नवरा एका हिवाळ्यात झोपेतच गेला. त्याच्या कपाटात पॉलिशच्या डब्या निघाल्या, उघडलेल्या आणि न उघडलेल्या.

धाकटी थोरलीच्या आधी गेली. तोवर दोघी एकाच घरात राहिल्या, स्वयंपाक केला, आजारपणं काढली, एकमेकींच्या मुलांची लग्नं केली. त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

थोरलीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ते त्यानंतर. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांतली भिंगं पिवळी पडली होती, आता नवी घातलीत. पट्टी काढली तेव्हा खिडकीतलं आभाळ इतकं निळं होतं की तिला क्षणभर कुणीतरी फसवतंय असं वाटलं. काही दिवसांनी तिनं धाकटीची पेटी उघडली. तळाशी तो कोट होता, घडी मोडू नये म्हणून मलमलीत गुंडाळलेला. गडद, सुंदर निळा, शिंपी म्हणाला होता तसा. आणि त्याच्यावर चार काळी बटणं, दुरूनसुद्धा डोळ्यांत खुपणारी.

ज्या बाईला दोन निळ्यांमधला केसाएवढा फरक खिडकीशी न जाता कळायचा, तिनं तो कोट घालून जपानच्या त्या रंग जाणणाऱ्या माणसांसमोर वर्षानुवर्षं ये-जा केली होती. बटणं बदलायला सुई-दोरा आणि अर्धा तास लागला असता. तिनं ती बदलली नव्हती. एक सैल झालं होतं, तेही काळ्याच दोऱ्यानं पुन्हा घट्ट केलेलं होतं.

थोरलीनं त्या बटणावरून बोट फिरवलं. मग कोट होता तसा गुंडाळला, पेटीत ठेवला, आणि खिडकीशी जाऊन बसली. बाहेर सगळं निळं दिसत होतं, आणि विचारायला कुणी नव्हतं.